हूल

फुटबॉलमध्ये बचावपटूला चकवायचे ते पायांनी, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ती किमया खांद्यांची व कंबरेची. १९७४ च्या विश्वचषकात हॉलंडच्या योहान क्रायफने स्वीडनच्या ओल्सनसमोर चेंडू पुढे धाडण्याचा आविर्भाव केला आणि तो आधाराच्या पायामागून ओढून उलट दिशेने निघून गेला. प्रतिस्पर्ध्याचा भार एका पायावर गेला, की त्याला लगेच वळता येत नाही. तेवढाच क्षण आपला. खो-खोत आम्ही हेच करीत असू. म्हणून कतारगामात मुलांना फुटबॉल शिकविताना आम्ही आपला जुना शब्दही दिला. एरवी ती आपसांत गुजरातीच बोलतात, पण ऐन मोक्याला मैदानावरून हाक येते ती मराठीत : “हूल दे!”