प्रभारी आहे, भागून जाते!

पुढच्या आठवड्यात माझं पदोन्नतीचं समुपदेशन आहे. सव्वीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो आहे. आता मुख्याध्यापक होण्याची पाळी आली. अभिनंदनाचे फोन सुरू झाले, पेढे मागून झाले. पण जो खरा प्रश्न आहे, त्याच्याविषयी कोणी बोलत नाही. म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ असेल तर वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. समुपदेशनात सेवाज्येष्ठता यादीप्रमाणे एकेकाला बोलावतात. रिकाम्या जागांची यादी समोर असते. आवडलं ते गाव निवडायचं, नाही तर लेखी नकार द्यायचा. दर्यापूर, अंजनगाव, अचलपूरच्या जागा वरचे लोक घेतात. माझा नंबर खाली. माझ्यापर्यंत येईस्तोवर धारणी आणि चिखलदरा तेवढे उरतात. आणि तिथं नाव पुकारलं की बहुतेक जण खिशातला पेन काढून नकार लिहितात.

त्यांना नावं ठेवू नका. हिशेब मांडून पाहा. वरिष्ठ वेतनश्रेणी आधीच मिळालेली असली की पदोन्नतीनं पगारात फार मोठा फरक पडत नाही. आदिवासी भागासाठी 6 ऑगस्ट 2002 च्या शासन निर्णयानं एकस्तर वरची वेतनश्रेणी मिळते, हे खरं. पण दुसरं बिऱ्हाड मांडलं, खोलीभाडं अन् जाण्यायेण्याचा खर्च धरला, की त्यातलं हातात काय उरते? लहान लेकरं असलेल्या बाईनं काय करावं? ज्याचे मायबाप अंथरुणावर आहेत त्यानं काय करावं?

माझं घर अकोल्याला, शाळा दर्यापूर तालुक्यात. खारपाणपट्ट्यात आयुष्य गेलं. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, महिन्यातून दोनदा दवाखाना. मुलगी दहावीत. बायकोची नोकरी अकोल्यातच. आईनं ऐकल्याबरोबर निकाल दिला, "कायले जातं रे बाबू तिकडे जंगलात? पोट तं भरूनच रायलं ना आपलं!"

तरी एक दिवस रजा टाकून मी एक शाळा पाहून आलो. परतवाड्याहून घाट चढून, सेमाडोह, हरिसाल मागं टाकून पुढं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या शिक्षकांची बदनामी मला करायची नाही. पहिली ते आठवी, पट दोनशेच्या वर. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीचा पट शंभरावर गेला की पूर्णवेळ मुख्याध्यापक पाहिजे. तिथं ती खुर्ची तीन वर्षांपासून रिकामी आहे. सात शिक्षकांपैकी पाच हजर. निकाल कच्चा, चौथीतली कितीतरी मुलं जोडाक्षराला अडतात. मुलं घरी कोरकू बोलतात. कोरकूचं कूळ संथाली, मुंडारीचं, मराठीशी तिचं नातं नाही. म्हणजे पहिलीतल्या लेकराला आपलं पुस्तक परक्या भाषेतलंच. त्यात दिवाळीनंतर मायबाप कामाला बाहेर जातात, लेकरंही सोबत जातात, ती होळीला परत येतात.

मला वाटलं होतं, शिक्षक कामचुकार असतील. तसं काही दिसलं नाही. पाचही जण आपापल्या वर्गात खपत होते. पण एकाचं दुसऱ्याला माहीत नव्हतं. तिसरीत काय राहिलं ते चौथीच्या बाईंना ठाऊक नव्हतं. होळीला परतलेल्या मुलांना कुठून शिकवायला घ्यायचं, हे कोणी ठरवलेलं नव्हतं. ठरवणार कोण? एका तरुण शिक्षकाकडे प्रभार आहे. त्याच्याकडे स्वतःचे दोन वर्ग, वरून पोषण आहाराचा हिशेब, यूडायस, ऑनलाइन माहिती, बैठका. सहकाऱ्यांना चार शब्द सुनावावे तर उद्या तोही त्यांच्याच रांगेत बसणार. मोठा निर्णय घ्यावा तर नवीन साहेब येऊन बदलणार. म्हणून तो फक्त आजचा दिवस ढकलतो.

निघताना तो म्हणाला, "सर, या तर खरंच या. पण बदलीचा अर्ज खिशात घेऊन येऊ नका."

परतीच्या एसटीत मी त्याच वाक्याचा विचार करत होतो. आपण म्हणतो, शाळा खराब आहे म्हणून तिथं मुख्याध्यापक जात नाही. मला आता उलटं वाटते. मुख्याध्यापक जात नाही म्हणून शाळा खराब आहे. शाळा बिघडली की आणखी एक नकार, आणि नकार आला की आणखी एक वर्ष प्रभारी. हे फक्त शाळेचं आहे काय? आपल्या गावातला दवाखाना, तलाठी कार्यालय, ग्रामपंचायत आठवून पाहा. "प्रभारी आहे, भागून जाते" हे वाक्य आपण किती सहज बोलतो!

एका मित्रानं मला चेव आणायला विदर्भाच्या रणजी संघाचं उदाहरण दिलं. 2017 मध्ये चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले, फैज फजल कर्णधार होता, आणि त्याच मोसमात विदर्भानं पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. उदाहरण चांगलं आहे. पण बाप्पा, त्यांना मैदानात अकरा खेळाडू पूर्ण मिळत होते. इथं सातात पाच! एका मोसमात करंडक आणतो असं मी सांगणार नाही.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही तिकडे कायम व्हाल, पण इकडची प्रभारी मी होईन, हे लक्षात ठेवा." या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन दिवस आम्ही बसलो. धाकटा भाऊ मूर्तिजापूरला असतो, त्याला बोलावलं. ठरलं ते असं: दवाखान्याच्या दोनपैकी एक तारीख माझी, एक भावाची. मुलीच्या परीक्षेच्या दिवसांत मी रजेवर. आणि मुक्काम धारणीतच, रोज ये-जा करायचं नाटक नाही. बायको मनापासून राजी आहे असं म्हणणार नाही. पण तिला विचारूनच ठरलं.

तर मी होकार देणार आहे. पूर्ण तीन वर्षांसाठी. पहिल्या वर्षी एकही नवा उपक्रम नाही, फलक नाही, फोटो नाही. पोर्टलची कामं त्या तरुण शिक्षकाच्या डोक्यावरून काढून माझ्याकडे घेईन. दर शनिवारी सगळे शिक्षक एकत्र बसून कोणतं मूल कुठं अडलं एवढंच बोलू. होळीनंतर परतणाऱ्या मुलांची वेगळी यादी करू. कोरकू बोलणाऱ्या एखाद्या ताईला शाळा व्यवस्थापन समितीच्या मदतीनं पहिलीच्या वर्गात बसवू. आणि दोन रिकाम्या जागांसाठी दर महिन्याला लेखी मागणी करीन, जोवर त्या भरत नाहीत तोवर.

जमेल की नाही, माहीत नाही. मित्रहो, तुमच्याकडून पेढ्यांऐवजी एकच पाहिजे. आपल्या गावच्या शाळेत, दवाखान्यात कोणती खुर्ची किती दिवसांपासून प्रभारी आहे, ते येत्या ग्रामसभेत विचारा. उत्तर मिळेस्तोवर विचारा.