एक जादा खुंटी

घरी जोडलेला नवा संगणक पहिल्याच दिवशी सुरू झाला नाही, की घरात आधी आरोपी शोधला जातो, बिघाड नंतर. कल्याणला ताईकडे हेच झाले. आरोपी होती माझी भाची, अ‍ॅनिमेशनच्या दुसऱ्या वर्षाला शिकणारी.

पैसे ताईच्या भिशीचे. तयार संगणक परवडत नव्हता, म्हणून भाचीने दोन शनिवार मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घालवून एकेक भाग आणला आणि रविवारी सतरंजी पसरून जोडला. बटण दाबले. पंखा अर्धा वळसा फिरला आणि थांबला. पुन्हा दाबले, पुन्हा तेच. भाओजी म्हणाले, "तरी सांगत होतो, हे मुलींचं काम नव्हे." ताई काहीच बोलली नाही, आणि पोरीला तेच जास्त लागले. दुकानदार फोनवर म्हणाला, "बोर्ड गेला असणार. तुम्हीच जोडलाय ना? मग वॉरंटीचं कठीण आहे."

भाचीने डोळे पुसले आणि वही काढली. जे जे तपासेल ते लिहायचे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा तिचा नियम. हात लावण्यापूर्वी दर वेळी प्लग काढायचा, हा दुसरा.

भिंतीतला प्लग ठीक. पॉवर सप्लायच्या पाठीमागचा छोटा खटका चालू. बोर्डाला २४ पिनांची जाड वायर लागते, आणि प्रोसेसरजवळच्या कोपऱ्यात ८ पिनांची दुसरी. नवखे लोक हमखास विसरतात ती ही दुसरी. भाचीने ती लावलेली होती. रॅमच्या पट्ट्या काढून एकच पट्टी 'टक्' आवाज येईपर्यंत दाबून बसवली. फरक नाही.

(पंखे फिरत राहिले आणि पडदा मात्र काळा, तर प्रकरण वेगळे. मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डाऐवजी बोर्डाला लावली आहे का, ते आधी पाहावे. आणि डीडीआर५ रॅम असेल तर थोडा धीर धरावा. पहिल्यांदा सुरू होताना तिला काही मिनिटेही लागू शकतात.)

"मावशी, पंखा हलतोय म्हणजे वीज येतेय," ती म्हणाली. "आणि लगेच थांबतोय म्हणजे कुणीतरी ती तोडतंय." तो 'कुणीतरी' बहुधा पॉवर सप्लायच असतो. कुठे शॉर्ट सर्किट झाले, तर चांगला पॉवर सप्लाय स्वतःच बंद पडतो. मग शॉर्ट कुठे?

तिने अख्खा बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला. वर फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा आणि एक रॅम. चित्राची सोय प्रोसेसरमध्येच असल्याने मॉनिटर सरळ बोर्डाला जोडला. बटण कॅबिनेटवर राहिलेले, म्हणून बटणाच्या वायरीच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकमेकींना टेकवल्या. पंखा फिरला. फिरतच राहिला. पडद्यावर बोर्डाच्या कंपनीचे नाव आले, आणि स्वयंपाकघरातून ताई पळी हातात घेऊनच बाहेर आली.

बोर्ड धडधाकट होता. दोष कॅबिनेटमध्येच असणार. बोर्ड पत्र्याला टेकू नये म्हणून आत पितळी खुंट्या असतात आणि त्यांवर स्क्रू बसतात. या कॅबिनेटमध्ये कारखान्यातूनच मोठ्या बोर्डाच्या मापाने खुंट्या लावून आल्या होत्या. हिचा बोर्ड लहान, मायक्रो एटीएक्स मापाचा. जिथे बोर्डाला भोकच नव्हते, तिथे एक खुंटी बोर्डाच्या पाठीवरच्या डागांना टेकून बसली होती. भाचीने पकडीने ती काढली आणि वहीत लिहिले, 'जादा खुंटी, १.'

मला राग आला तो दुकानदाराच्या त्या एका वाक्याचा. न बघता 'बोर्ड गेला' म्हणायला त्याला काही पडत नव्हते. नवा बोर्ड घेतला असता, तर तोही त्याच कॅबिनेटमध्ये, त्याच खुंटीवर बसला असता. मग प्रोसेसर गेला, पॉवर सप्लाय गेला, असे करत भिशी संपली असती आणि पोरीच्या हाताला कायमची नावे ठेवली गेली असती.

रात्री साडेअकराला सगळे पुन्हा आत बसवून झाले. बटण दाबायला भाचीने ताईला बोलावले. पंखे फिरले, पडदा उजळला. भाओजी खुर्ची ओढून जवळ येऊन बसले. थोडा वेळ बघत राहिले, मग विचारले, "यावर क्रिकेट दिसेल ना गं?"