दीड दिवसाची चाल

गेल्या शनिवारी लॉन्ड्री आटोपली आणि फिलाडेल्फियातल्या पेन ट्रीटी पार्कमध्ये जाऊन बसलो. डेलावेअर नदीकाठचा छोटासा बगीचा. तिथे १८२७ सालचा एक दगडी स्तंभ आहे. एका मोठ्या एल्मच्या झाडाची ही आठवण. झाड १८१० च्या वादळात पडलं.

त्या झाडाखाली म्हणे १६८२ मध्ये लेनापे लोकांचा प्रमुख तमनेंड आणि विल्यम पेन यांनी एकमेकांना शब्द दिला, गुण्यागोविंदाने शेजारी राहायचा. इंग्लंडच्या राजाने पेनला हा सगळा प्रदेश आधीच लिहून दिला होता. तरी त्याने लेनापेंकडून जमीन विकत घेतली. १६८३ च्या खरेदीखतांवर सही म्हणून तमनेंडची खूण आहे. पुढे सत्तरेक वर्षं इथे युद्ध झालं नाही!

पण दोघंही गेल्यावर, १७३७ मध्ये, पेनच्या मुलांनी १६८६ चा म्हणून एक कागद काढला. दीड दिवसात माणूस चालेल तेवढी जमीन आमची. लेनापेंना वाटलं, माणूस चालून चालून किती चालणार? मुलांनी आधीच जंगलातून वाट साफ करून घेतली आणि तीन तगडे गडी पैसे देऊन सोडले. दोघं वाटेत गळाले. तिसरा शंभर किलोमीटरच्या वर गेला. लेनापेंची प्रचंड जमीन गेली. कागदातला एक शब्दही मोडला नाही हं.

आणि कहर म्हणजे, त्या झाडाखालच्या भेटीचं बेंजामिन वेस्टने काढलेलं प्रसिद्ध चित्र आहे ना, ते काढून घेतलं याच मुलांपैकी एकाने, थॉमस पेनने. १७७१-७२ मध्ये.

हसू आलं आणि लगेच विरलं. दोन वर्षांपूर्वी टीममधल्या एका ज्युनियरला मी म्हणालो होतो, "रिलीजपर्यंत शनिवारी ये रे, कॉम्प-ऑफचं माझ्याकडे लागलं." तो सहा शनिवार आला. नंतर त्याने सुट्टी मागितली तेव्हा मी त्याला पॉलिसीची पीडीएफ फॉरवर्ड केली. कॉम्प-ऑफ तीस दिवसांत लॅप्स होतो. पॉलिसी अगदी बरोबर होती. तो काही बोलला नाही. "ओके सर" एवढंच.

असो. तिकडे मध्यरात्र झाली होती, म्हणून फोन न करता बाकावर बसूनच त्याला मेल लिहिली. या वेळी अटॅचमेंट नव्हती.