शेठचा थाट

सायन-पनवेल महामार्गावर दिवेलागण झाली की फलकांचे लाल-निळे दिवे उजळतात आणि एखाद्या बारच्या दारात शेठची पांढरी गाडी येऊन थांबते. रेशमी शर्ट, बोटाबोटांत खडे, अत्तराचा घमघमाट. गल्ल्यावरच्या लक्ष्मीला हार घालून, उदबत्ती ओवाळून तो रात्र सुरू करतो. ऑर्केस्ट्राची पहिली लकेर उठते, कॅप्टन अदबीनं पुढे होतो. पावतीपुस्तक घेऊन आलेली गणेश मंडळाची पोरं रिकाम्या हातानं परतत नाहीत. दहीहंडीच्या फलकावर त्याचाच हसरा चेहरा असतो.

या थाटाची मला भूल पडते. दिवसभर लोकलला लोंबकळून दमलेल्या शहराला दोन घटका राजा झाल्यासारखं वाटावं, ही किमया काही साधी नाही. पण त्या झगमगाटाखालची जमीन मला विसरता येत नाही.

१९७० साली नवी मुंबई वसवणारी सिडको आली. ९५ गावांची भाताची खाचरं आणि मिठागरं नव्या शहरासाठी घेतली गेली. जानेवारी १९८४ मध्ये शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या लढ्यात पाच जणांनी पोलिसांच्या गोळ्या झेलल्या. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळू लागले, ते त्या रक्ताच्या मोलानं. भूखंड विकले गेले, हातात पैसा खेळू लागला. बापजाद्यांच्या शेताची किंमत काही घरांतल्या पोरांनी डान्स बारमध्ये एकेका रात्रीत उधळली. तमाशातली दौलतजादा इथे दहाच्या नोटांच्या पावसात अवतरली.

आयाबायांचा आक्रोश खराच होता. २००५ मध्ये शेकापचे आमदार विवेक पाटील यांनी विधिमंडळात हा प्रश्न लावून धरला, गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी बारमधल्या नाचावर बंदी आणली. मात्र तारांकित हॉटेलांना तिच्यातून सूट होती. शेठनं परवाना बदलला, फलक बदलला. नाचणारीला बदलायला काय होतं? सुमारे ७५ हजार बायकांची रोजीरोटी गेल्याचा आकडा न्यायालयापुढे आला. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी घटनाबाह्य ठरवली. २०१९ मध्ये बक्षिशी देण्याची मुभा मिळाली, नोटा उधळण्याची नाही. २०२२ मध्ये ऑर्केस्ट्रात बायका किती असाव्यात यावरची मर्यादाही गेली.

बक्षिशी हातात द्यायची, अंगावर फेकायची नाही, हा भेद मला फार मोलाचा वाटतो. हातात दिलेल्या पैशात कलेची कदर असते, फेकलेल्या नोटेत मालकीचा माज. रात्र रंगवणाऱ्या माणसाचं मला कौतुक आहे आणि ते तसंच राहील. पण त्याचा मोठेपणा मी त्याच्या अंगठ्यांवरून मोजणार नाही. गाणारीला ठरलेला पगार वेळेवर मिळतो का, तिच्या कमाईत कुणी हात घालतो का, पहाटे ती सुखरूप घरी पोचते का, हे मी विचारीन. याचं उत्तर ताठ मानेनं देणाऱ्या शेठलाच हा थाट शोभतो.