हप्त्याआधीची सोबत

ब्रिटनमध्ये कर्जफेडीची योजना सुरू करणाऱ्याला चांगला सल्लागार एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: पहिले काही महिने टपाल कमी होणार नाही, उलट वाढेल. त्या वेळी हे कानाआड होतं. कित्येक महिने टाळलेला फोन एकदाचा केलेला असतो, सगळी देणी कुणापुढे तरी मांडून झालेली असतात, छातीवरचं ओझं जरा हललेलं असतं. आणि मग दाराच्या फटीतून पाकिटं पडू लागतात. माणसाला वाटतं, आपण केलं तेच चुकलं.

योजना मोडण्याचा खरा धोका इथे आहे. हिशेब बरोबर असतो, पहिला हप्ताही गेलेला असतो. पाकिटं एकट्याने उघडायची हिंमत मात्र नसते.

‘डेट मॅनेजमेंट प्लॅन’ नावाची ही व्यवस्था समजायला सोपी आहे. समजा, एका घरावर चार क्रेडिट कार्डांचं मिळून १२,००० पौंडांचं देणं आहे: ६,०००, ३,०००, २,००० आणि १,००० पौंड. भाडं, कौन्सिल टॅक्स, वीज-गॅस, जेवणखाण भागवून महिन्याला २०० पौंड उरतात. ते देण्याच्या प्रमाणात वाटले जातात, म्हणजे साधारण १००, ५०, ३३ आणि १७ पौंड. सगळ्यांनी व्याज थांबवलं तर पाच वर्षांत घर मोकळं. बरेच घेणेकरी व्याज थांबवतात, पण त्यांच्यावर तसं बंधन नाही. ही आपसातली तडजोड आहे, कोर्टाचा हुकूम नाही. आणि ठरलेल्या रकमेपेक्षा कमी पैसे येऊ लागले की त्यांच्या दफ्तरी तो माणूस थकबाकीदार ठरतो. मग स्मरणपत्र, त्यानंतर डिफॉल्टची नोटीस. कधी कर्जच दुसऱ्या कंपनीला विकलं जातं आणि पूर्वी कधी न ऐकलेल्या नावाचं पत्र येतं. ज्याला हे ठाऊक आहे त्याला यात नवल वाटत नाही. डिफॉल्टची नोंद पतइतिहासात सहा वर्षं राहते आणि मग पुसली जाते, त्यामुळे लागायचीच असेल तर ती लवकर लागलेली बरी, असंही जाणकार सांगतात. पण हे सांगायला त्या दिवशी, त्या घरात कुणीतरी असावं लागतं.

या पत्रांची भाषा हा स्वतंत्र विषय आहे. ब्रिटनच्या ग्राहककर्ज कायद्याने नोटिशीतला काही मजकूर ठरवून दिला होता आणि तो ठळक दिसावा म्हणून मोठ्या अक्षरांत छापला जाई. आधीच खचलेल्या माणसाला ती अक्षरं ओरडल्यासारखी वाटत. ‘मनी अँड मेंटल हेल्थ पॉलिसी इन्स्टिट्यूट’ ही अर्थविषयक पत्रकार मार्टिन लुईस यांनी २०१६ मध्ये सुरू केलेली संस्था या पत्रांविरुद्ध मोहीम चालवत राहिली आणि २०२० मध्ये सरकारने नियम बदलले. भाषा सौम्य झाली, आणि मोफत सल्ला कुठे मिळेल हेही पत्रात सांगावं असं ठरलं. सुधारणा छोटी, पण माणसाच्या जिवाचा विचार करून केलेली. अशा सुधारणांना बातमीत जागा मिळत नाही, त्या महत्त्वाच्या मात्र असतात.

आधार मागायचा तर कुणाकडे? ब्रिटनमध्ये याचं उत्तर हळूहळू तयार झालं. ‘नॅशनल डेटलाइन’ या फोनवरच्या सल्लासेवेची सुरुवात १९८७ मध्ये बर्मिंगहॅममध्ये झाली. आज ‘स्टेपचेंज’ म्हणून ओळखली जाणारी धर्मादाय संस्था १९९३ पासून काम करते. हे नाव तिने २०१२ मध्ये घेतलं. ‘सिटिझन्स ॲडव्हाइस’ ही सल्ला देणारी संस्था तर दुसरं महायुद्ध सुरू होताच, १९३९ मध्ये सुरू झालेली. स्टेपचेंजसारखी संस्था योजना चालवण्याचे पैसे कर्जदाराकडून घेत नाही. तिचा खर्च बऱ्याच अंशी घेणेकऱ्यांच्या देणग्यांतून निघतो. नेमकी हीच सेवा दरमहा शुल्क कापून देणाऱ्या खासगी कंपन्याही आहेत. घाबरलेला माणूस जी जाहिरात पहिल्यांदा दिसते तिच्या नंबरावर फोन करतो, आणि २०० पौंडांतले काही दरमहा शुल्कात जाऊ लागतात. म्हणून पहिला फोन कुणाला, हा प्रश्न किती हप्ता, या प्रश्नाइतकाच मोठा आहे.

सल्लागाराबरोबर भरायचा जमाखर्चाचा तक्ता जवळून पाहण्याजोगा आहे. २०१७ पासून बहुतेक संस्था एकाच नमुन्याचा तक्ता वापरतात. त्यात भाडं आणि वीज येतेच, शिवाय केस कापणं, मुलांची शाळेची सहल, सणावाराच्या भेटवस्तू, कुत्र्या-मांजराचं खाणंही येतं. इतकंच काय, हाती उरणाऱ्या रकमेच्या एक दशांशापर्यंत, पण महिन्याला २० पौंडांहून जास्त नाही, अशी थोडी बचतही त्यात मान्य केलेली आहे. वॉशिंग मशीन बिघडलं की माणसाने पुन्हा कार्डाकडे हात नेऊ नये, हा त्यामागचा विचार. पोट मारून दाखवलेले आकडे चार महिन्यांत कोसळतात हे चांगल्या सल्लागाराला ठाऊक असतं. “कपड्यांना शून्य लिहिलंय तुम्ही. मुलांचे बूट कसे घेणार?” असं तो विचारतो, आणि इतके महिने अपराध्यासारखं वावरलेल्या माणसाला कळतं की आपल्या मुलांचे बूट या हिशेबात धरलेले आहेत.

लंडन परिसरातल्या स्लाव, हॅरो, हाउन्स्लो इथल्या मराठी घरांत या तक्त्यावर एक ओळ हमखास अडते. गावी आई-वडिलांना दरमहा जाणारे पैसे. त्यांचं औषधपाणी त्यावर चालतं, आणि मुलगा परदेशात आहे या अभिमानालाही तेच टेकू असतात. रक्कम कमी करायची तर कारण सांगावं लागणार. पूर्ण ठेवायची तर घेणेकरी हरकत घेणार. सल्लागार ती ओळ कारणासह लिहायला मदत करू शकतो, सांगलीला फोन मात्र लावू शकत नाही. तो फोन घरातल्याच कुणीतरी करायचा असतो. बहुतेक आया काळजीने गप्प होतात आणि मग पहिला प्रश्न विचारतात, “जेवताय ना नीट?” पण त्या गप्प होण्याच्या धास्तीने कित्येकजण पैसे पाठवत राहतात आणि ते पाठवण्यासाठी पाचवं कार्ड घेतात.

जोडीदाराचंही तेच. कर्ज एकाच्या नावावर असलं तर कायद्याने दुसऱ्यावर ते येत नाही. पण तक्त्यात घरखर्च मांडायचा म्हणजे दुसऱ्याचं उत्पन्न कळायला हवं, आणि ते चोरून कसं विचारणार? ज्या बँकेचं देणं आहे तिथेच पगार जमा होत असेल तर बँक त्यातून आपलं घेणं वळतं करून घेऊ शकते, म्हणून सल्लागार देणं नसलेल्या बँकेत नवं खातं उघडायला सांगतात. नवं खातं, नवं कार्ड, बदललेल्या तारखा. इतकं सगळं एका घरात लपत नाही. लपवण्यात शक्ती घालवण्यापेक्षा योजना ठरायच्या आधीच बोललेलं बरं, असं मनापासून वाटतं. त्या रात्री भांडण होईल, पण ते पाचव्या महिन्यात एखाद्या पाकिटावरून होण्यापेक्षा बरं.

मंडळातल्या लोकांना मात्र सांगवत नाही. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं आहे. तिथे गणपतीला, दिवाळीला भेटणाऱ्या माणसांकडून कर्ज लपवलं जातं, कारण मुलांची लग्नं याच वर्तुळात ठरायची असतात. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. अशा वेळी अनोळखी माणसाचा फोनवरचा आवाजच सोयीचा ठरतो. व्हिसावर आलेल्यांना आणखी एक भीती असते: मदत मागितली तर व्हिसावर गदा येईल. ज्या सरकारी भत्त्यांवर त्यांना बंदी असते त्यांत कर्जसल्ला येत नाही. एवढी एक गोष्ट मराठीत, स्पष्टपणे सांगणारं कुणी भेटलं तरी कित्येकजण वर्षभर आधी फोन करतील.

४ मे २०२१ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये ‘ब्रीदिंग स्पेस’ नावाची सवलतही आहे. सल्लागारामार्फत अर्ज केला की ६० दिवस बहुतेक देण्यांवरचं व्याज, दंड आणि वसुली थांबते. ज्याच्यावर मानसिक आजाराच्या तीव्र अवस्थेत उपचार चालू आहेत त्याला उपचार संपेपर्यंत आणि वर ३० दिवस ही उसंत मिळते. विचार करायला वेळ देणं हीच मोठी मदत, हे इथे कायद्याने मान्य केलं आहे.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली आणि पुणे-अहमदनगर जिल्ह्यांत दंगे पसरले. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. खतावर लिहिलेल्या आकड्याच्या मागे जाऊन मूळ कर्ज किती होतं हे कोर्टाने तपासावं, फेडीचे हप्ते बांधून द्यावेत, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये, अशी तरतूद त्यात होती. दावा उभा राहण्याआधी दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवणारे अधिकारीही त्याच कायद्याने नेमले. हप्त्याच्या आधी मध्ये बसणारा माणूस हवा, हे त्या वेळीही कळलं होतं.

भारतातलं आजचं चित्र मात्र विस्कळीत आहे. रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये आर्थिक साक्षरता आणि कर्जसमुपदेशन केंद्रांची आदर्श योजना बँकांना दिली, पण क्रेडिट कार्डाच्या ओझ्याखाली दबलेल्या शहरी माणसाला अशा केंद्राचा पत्ता सहसा माहीत नसतो. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत सामान्य व्यक्तींसाठीही परतफेडीच्या योजनेची तरतूद आहे. २०१९ मध्ये मात्र ती फक्त कंपन्यांच्या कर्जांना जामीन राहिलेल्यांपुरती लागू झाली. त्यामुळे पुण्या-ठाण्यातल्या पगारदाराला स्वतःच बँकेत जाऊन हप्ते लांबवून मागावे लागतात, किंवा कमी रकमेत तडजोड करून पतनोंदीत ‘सेटल्ड’ असा शेरा पत्करावा लागतो.

आणि इथे सोबतीचा प्रश्न उलटा होतो. वसुली एजंट कर्जदाराच्या सासऱ्यांना, ऑफिसातल्या सहकाऱ्याला, अर्जात नाव दिलेल्या मित्राला फोन करतो. ज्यांनी पाठीशी उभं राहायचं, त्यांचाच धाक घातला जातो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा बजावलं आहे: सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन नको, चारचौघांत मानहानी नको, नातेवाईक-मित्रांच्या खासगीपणावर आक्रमण नको. तक्रारीसाठी आधी बँक, तिने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, असा रस्ताही आहे. पण एजंटाचा धाक चालतो तो नातेवाइकांना काही माहीत नसतं म्हणून. पहिला हप्ता ठरवण्याआधी भावाला किंवा एखाद्या जुन्या मित्राला बोलावून कोणत्या बँकेचं किती, हप्ता कोणत्या तारखेला जातो, कुणाचा फोन आला तर काय सांगायचं, हे एका कागदावर लिहून दिलं, तर एजंटाच्या फोनला उत्तर मिळतं: “आम्हाला माहीत आहे. बोलायचं ते त्यांच्याशी बोला, आणि सातच्या आत.”