कन्हान ते तुरिया : शिकारीच्या वाटेने

‘सफर’ हा अरबी शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि मूळ रूपातच इथे स्थिरावला. तोच शब्द पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वाहिली भाषेत ‘सफारी’ झाला, आणि त्या प्रदेशात आलेल्या युरोपीय व अमेरिकी शिकाऱ्यांनी तंबू, हमाल, बंदुका आणि मोठ्या जनावरांची शिकार एवढाच अर्थ त्याला चिकटवून तो जगभर नेला. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०९-१० मध्ये मुलगा कर्मिट याच्यासह केलेल्या आफ्रिकेच्या मोहिमेत दोघांनी मिळून ५१२ जनावरे मारली, आणि त्यानंतर मित्रांसह आफ्रिकेच्या रानात शिकारीला जाणे ही पाश्चात्त्य धनिकांची प्रतिष्ठेची हौस बनली. नागपुरात आज सफारी म्हटले की उघडी जिप्सी, सोबतीला गाइड आणि हातात कॅमेरा असेच चित्र उभे राहते; परंतु या शहरातूनही एके काळी बंदुकीच्या सफारी निघत होत्या आणि त्यांचा मार्ग आजच्या सफारीच्या मार्गाहून फारसा वेगळा नव्हता, ही गोष्ट शहराच्या स्मरणातून जवळजवळ पुसली गेली आहे.

नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून १९५१ साली पदवी घेतल्यानंतर विद्याचरण शुक्ल यांनी ‘ऑल्विन कूपर’ नावाची कंपनी काढली. मध्य भारताच्या जंगलांत मोठ्या जनावरांच्या शिकारीच्या सफारी आणि छायाचित्रणाच्या मोहिमा आखून देणे हा तिचा व्यवसाय होता. विद्याचरण १९५७ मध्ये लोकसभेवर निवडून गेले आणि पुढे अनेक वर्षे केंद्रात मंत्री राहिले, त्यामुळे त्यांच्या आयुष्याचा हा पहिला अध्याय सहसा एका ओळीत उरकला जातो; वास्तविक नागपूरच्या वनेतिहासासाठी तो फार मोलाचा आहे. त्यांचे वडील पंडित रविशंकर शुक्ल हे त्या वेळी मध्य प्रदेशाचे मुख्यमंत्री होते आणि नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती. याच सरकारच्या काळात, १९५५ साली, चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा आणि मंडला भागातील कान्हा या दोन जंगलांना राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. म्हणजे ज्या दशकात एका शहरात वाघाच्या शिकारीचा रीतसर व्यवसाय चालत होता, त्याच दशकात त्याच शहरातून वाघासाठी राखीव भूमीही घोषित होत होती. यात विसंगती शोधण्यापेक्षा त्या काळाची समजूत पाहणे अधिक योग्य ठरते: जंगल अथांग आहे, काही तुकडे राखून ठेवले म्हणजे उरलेल्या भागात शिकार चालू राहू शकते, असे सरकार, शिकारी आणि बहुतेक वन-अधिकारी मनापासून मानत होते.

शिकारीची ती वाट आजही जवळपास तशीच पाहता येते. नागपूरच्या शून्य मैलाच्या दगडापासून उत्तरेकडे निघालेला प्रवासी १८२१ साली वसवलेली कामठीची छावणी ओलांडतो, कन्हान नदीचा पूल पार करतो, आणि मँगनीजच्या खाणींसाठी व वाकाटककालीन अवशेषांसाठी प्रसिद्ध असलेल्या मनसरपाशी पोहोचतो, तेव्हा उजव्या हाताला रामटेकचा डोंगर दिसू लागलेला असतो. इथवरची जमीन सपाट आणि काळीभोर. मनसर सोडले की रस्ता लाल मुरमाच्या चढावर लागतो, कपाशीची शेते मागे पडतात, आणि साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह यांचे मिश्र पानझडी रान दोन्ही बाजूंनी जवळ येते. हीच सातपुड्याची दक्षिणेकडील पायरी होय. आधी चोरबाहुली लागते, मग देवलापार हे इथले गोंड वस्तीचे मोठे गाव. त्यापुढे खवासा आणि तिथून सिवनी जिल्हा सुरू होतो.

मध्य प्रांताची स्थापना १८६१ मध्ये झाल्यावर नागपूरच्या राज्यकर्त्यांना या डोंगराळ मुलखाची नीट माहितीही नव्हती. ती मिळवण्याच्या कामावर कॅप्टन जेम्स फोर्सिथ याची नेमणूक झाली, आणि १८७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या सातपुड्यावरील ग्रंथात वनांचे प्रकार, गोंडांचे जीवन आणि वाघांच्या शिकारी या तिन्ही गोष्टी एकमेकींत मिसळून आल्या आहेत. रॉबर्ट स्टर्नडेलचे सिवनीच्या छावण्यांवरील पुस्तक १८७७ चे. रुडयार्ड किपलिंगने १८९४ च्या ‘जंगल बुक’मध्ये सिवनीचे जे रान रंगवले, त्यासाठी त्याने स्टर्नडेलचा आधार घेतला असे अभ्यासक मानतात. वन खात्यातील डनबर ब्रँडरने १९२३ मध्ये मध्य भारतातील वन्यप्राण्यांवर लिहिलेले पुस्तक मात्र या सर्वांत अधिक विश्वसनीय वाटते, कारण त्याला बंदुकीच्या टोकापलीकडचे जनावरही दिसत होते, आणि बारशिंग्याच्या सवयी त्याने ज्या आस्थेने नोंदवल्या तिच्यात शिकाऱ्याहून निरीक्षकच जास्त आहे.

या लेखकांच्या काळापासून रूढ झालेली व्यवस्था पुढे १९७० पर्यंत टिकली. राखीव जंगल, म्हणजे १८७८ च्या वन कायद्याने सरकारने पूर्णपणे आपल्या ताब्यात घेतलेले जंगल, शिकारीसाठी ‘ब्लॉक’मध्ये विभागले जाई, ब्लॉक म्हणजे नदी, नाले आणि पायवाटांच्या सीमांनी आखलेला वनाचा एक तुकडा. वन खात्याकडे शुल्क भरून परवानाधारकाला तो ठरावीक दिवसांसाठी मिळे आणि कोणती जनावरे किती मारता येतील हे परवान्यावर लिहिलेले असे. शिकारीचा खरा हंगाम एप्रिल-मे महिन्यांचा. पानगळीमुळे नजर लांबवर पोहोचते, नाले आटतात, आणि उरलेल्या थोड्या डोहांच्या आसपास वाघाला राहणे भाग पडते. तेंदूची पाने तोडण्याचा आणि मोह वेचण्याचा काळही साधारण हाच असल्यामुळे गावातील माणसे पहाटेपासून रानात असत आणि वाघाची बातमी प्रथम त्यांच्याच तोंडून येई.

शिकारीची पद्धत आफ्रिकेतील मोकळ्या गवताळ रानातल्या पद्धतीहून मुळातच वेगळी होती. तिथे जनावर दुरून दिसते आणि माणूस त्याच्याकडे जातो. इथे वाघ जवळ असूनही दिसत नाही, म्हणून त्यालाच माणसाकडे आणावे लागे. यासाठी संध्याकाळी निवडक नाल्यांच्या संगमावर किंवा पायवाटेच्या वळणावर तरणे हेले बांधले जात. वाघासाठी बांधलेल्या अथवा त्याने मारलेल्या जनावराला ‘गारा’ म्हणतात. पहाटे मागकाढे, म्हणजे धुळीतल्या ठशांवरून जनावराचा माग घेणारे जाणकार, प्रत्येक गाऱ्याची पाहणी करून येत. गारा पडलेला असेल तर ओढून नेल्याच्या खुणा, ठशाची धार किती ताजी आहे, गिधाडे आणि कावळे झाडावर बसून आहेत की जमिनीवर उतरले आहेत, इतक्या गोष्टींवरून वाघ कुठे पहुडला असेल याचा अंदाज ते बांधत. कावळा खाली उतरायला धजत नाही याचा अर्थ मालक जवळ आहे, हे ज्ञान कोणत्याही परवान्यावर लिहिलेले नव्हते.

त्यानंतर भर दुपारी हाका होई. हाका म्हणजे पन्नास-शंभर माणसांची रांग एका बाजूने ढोल, डबे आणि आरोळ्यांचा आवाज करत पुढे सरकवणे, जेणेकरून विश्रांती घेणारा वाघ न चिडता, पण अस्वस्थ होऊन, विरुद्ध दिशेला निघावा. त्या दिशेला बारा-पंधरा फुटांवर बांधलेल्या मचाणावर पाहुणा शिकारी बसलेला असे. दोन्ही बगलांना झाडांवर चढवलेली माणसे वाघ बाजूला वळू लागला की फांदीवर हलकी टकटक करून त्याला पुन्हा मधल्या वाटेवर आणत. टकटक मोठी झाली तर वाघ बिथरून हाक्याच्या रांगेवर उलटे, आणि हलकी पडली तर निसटून जाई. जंगलाची चढउतार, वाऱ्याची दिशा आणि वाघाचा स्वभाव यांचे असे मोजमाप करणारी माणसे देवलापार, खवासा, तुरिया भागातील गोंड गावांतून येत. त्यांच्या हातात काठी आणि कुऱ्हाड, तर मचाणावरच्या माणसाच्या हातात रायफल. गोळी चुकून वाघ जखमी झाला तर त्याच्या मागावर झुडपात शिरताना सर्वांत पुढे मागकाढ्याच असे. तरीही शिकारीच्या छायाचित्रांत वाघाच्या डोक्यावर पाय ठेवून उभा असलेल्या पाहुण्याचे नाव छापलेले असते आणि मागच्या रांगेतील चेहऱ्यांना नाव नसते. शिकारीच्या या साऱ्या साहित्यातील हा सर्वांत मोठा अन्याय होय, आणि तो त्या पुस्तकांच्या रंजकतेने झाकला जाता कामा नये.

खवाशाच्या पुढे, पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या मध्य प्रदेशातील प्रवेशद्वाराशी असलेले तुरिया हे गाव या अन्यायाची दुसरी बाजू दाखवते. पाहुण्या शिकाऱ्याला ज्या रानात परवान्याने वाघ मारता येई, त्याच रानात गावकऱ्याला आपल्या गुरांसाठी गवत कापायलाही बंदी होती. १९३० च्या सविनय कायदेभंगात मध्य प्रांत आणि वऱ्हाडात हा प्रश्न जंगल सत्याग्रहाच्या रूपाने पेटला. बापूजी अणे यांनी पुसदला गवत कापून कायदा मोडला, आणि ९ ऑक्टोबर १९३० रोजी तुरियाला जमलेल्या गावकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्या गोळीबारात चार जण मृत्युमुखी पडले. त्यांपैकी तीन आदिवासी स्त्रिया होत्या. पेंचला जाणारे हजारो पर्यटक आज या गावातून जातात. वाघ दिसेल की नाही या उत्सुकतेत असलेल्या त्या प्रत्येकाने या गावात क्षणभर थांबावे.

शिकारीचा शेवट हळूहळू झाला नाही, तो अचानक झाला. १९६९ मध्ये दिल्लीत भरलेल्या आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या अधिवेशनात वाघाच्या घटत्या संख्येची गंभीर दखल घेतली गेली, १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ च्या गणनेत देशात फक्त १,८२७ वाघ आढळले, त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. केनियाने शिकारीवर पूर्ण बंदी घातली ती १९७७ मध्ये, म्हणजे भारताच्या नंतर. महाराष्ट्राच्या बाजूचे पेंच १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि १९९९ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले. २०२२ च्या गणनेत देशातील वाघांची संख्या ३,६८२ आणि महाराष्ट्रातील ४४४ अशी नोंदली गेली.

शिकारीच्या काळातील ज्ञान मात्र वाया गेले नाही, आणि मराठी वाचकांपर्यंत ते पोहोचवण्याचे श्रेय प्रामुख्याने मारुती चितमपल्ली यांच्याकडे जाते. वनाधिकारी म्हणून विदर्भात दीर्घकाळ काम करताना त्यांनी गोंड, माडिया आणि ढिवर लोकांकडून जनावरांची, झाडांची, पाखरांची नावे आणि त्यांच्या सवयी टिपून घेतल्या, आणि ज्यांच्याकडून त्या मिळाल्या त्यांची ओळखही वाचकाला करून दिली. साहेबांच्या पुस्तकांतून गाळली गेलेली मागची रांग त्यांच्या लेखनात पुढे आली.

मनसर ते खवासा या टप्प्यातील राष्ट्रीय महामार्ग आता चौपदरी झाला आहे आणि तो व्याघ्र प्रकल्पाच्या रानातून जात असल्यामुळे प्राण्यांच्या वावरासाठी त्याचे काही भाग खांबांवर उचलण्यात आले आहेत. अशा नऊ भागांखालून वाघ, रानकुत्रे, गवे आणि चितळ जात असल्याचे स्वयंचलित कॅमेऱ्यांनी टिपले आहे. वरून ट्रक धडधडत असताना त्या सावलीत उमटलेले ठसे वाचण्याचे काम वनरक्षक आणि वनमजूर करतात, आणि त्यांतील अनेक जण याच पट्ट्यातील गावांचे असतात.

सिल्लारी किंवा खुर्सापार फाटकातून आत शिरलेल्या जिप्सीत जुन्या शिकारीचे सारे व्याकरण टिकून आहे, फक्त त्यातले एक क्रियापद गळून पडले आहे. गाइड रस्त्याच्या धुळीवर वाकून ठसा कोणत्या दिशेचा आणि किती ताजा आहे ते पाहतो. वानराने खोकल्यासारखा आवाज काढला किंवा सांबराने ‘पोंक’ केले की हात वर करून चालकाला इंजिन बंद करायला सांगतो. या इशाऱ्याच्या आवाजाला इथे सगळेच ‘कॉल’ म्हणतात. जनावरांचे बारकावे त्याला आजोबांकडून मिळालेले असतात, आणि पर्यटकांची अधीरता सांभाळण्याचे कसब त्याने नव्याने कमावलेले असते. मे महिन्यात पाणवठ्यापाशी गाड्यांची जी दाटी होते तिच्यात वाघालाही पुन्हा हाक्याचा अनुभव येत असावा, आणि वन खात्याने गाड्यांवर घातलेली संख्येची मर्यादा अधिक कडक असावी असे तिथली गर्दी पाहणाऱ्या कोणालाही वाटेल.

पेंचच्या महाराष्ट्रातील भागाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे कृत्रिम प्रकाशापासून जपलेल्या आकाशाचे क्षेत्र, अशी आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. वाघोलीच्या परिसरात त्यासाठी गावातील दिव्यांचा प्रकाश खाली वळवण्यात आला आहे. मचाणावरच्या शिकाऱ्याला एके काळी गाऱ्यावर विजेरीचा झोत टाकण्यासाठी जो अंधार हवा असे, तोच अंधार आता आकाशगंगेसाठी राखला जातो. नागपूरहून आलेली मंडळी दुर्बिणीला डोळा लावून वर पाहत असतात, आणि त्यांच्यासोबतचा गावातील माणूस मान किंचित तिरकी करून जलाशयापलीकडून येणारी चितळाची शीळ पुन्हा येते का, ते ऐकत उभा असतो.