मलकापुरातील बोरन्हाणाची दुपार

पुणे-बंगळूरु महामार्गाने साताऱ्याकडून दक्षिणेस येताना कोयनेचा पूल ओलांडला की कराड लागते, आणि कराड संपले असे वाटण्याच्या आतच मलकापूर सुरू झालेले असते. जवळच आगाशिवाचा डोंगर उभा आहे. त्याच्या कुशीत प्राचीन बौद्ध लेणी कोरलेली आहेत. कृष्णा आणि कोयना जेथे समोरासमोर येऊन एकमेकींना भेटतात, तो कराडचा प्रीतिसंगम येथून हाकेच्या अंतरावर आहे. जानेवारीत हा सारा मुलूख उसाच्या गंधाने भरून जातो. तोडणी चालू असते, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या ऊस लादून कारखान्याच्या वाटेला लागतात आणि गुऱ्हाळांच्या काहिलींवरून गोड वाफ उठत राहते.

मलकापूरचे नाव देशभर झाले ते पाण्यामुळे. घरोघरी मीटर बसवून चोवीस तास पाणी देणाऱ्या या लहानशा गावाची योजना पाहण्यासाठी दूरदूरची माणसे येऊन गेली. येथील कृष्णा रुग्णालयामुळे आसपासच्या तालुक्यांतील रुग्ण आणि त्यांचे नातलग यांचीही गावात सतत ये-जा असते. दवाखाना जवळ आणि नळाला पाणी, या दोन गोष्टी उतारवयात फार मोठ्या असतात. त्यामुळे येथे राहणाऱ्या वृद्ध दांपत्यांना सुखसोयींची वाण नाही. वाण आहे ती घरातल्या लेकरांच्या आवाजाची. मुले शिकली, नोकरीसाठी याच महामार्गाने पुण्याला किंवा त्याहून पुढे गेली. दुपारी चारच्या सुमारास, चौथ्या प्रहराच्या चहाच्या वेळी, अनेक घरांत दोनच कप भरले जातात.

माझ्या मावशीचे घर असेच आहे. काकांना दीड वर्षापूर्वी पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, पण उजव्या हातातील शक्ती उणावली आणि बोलणे अडखळू लागले. तेव्हापासून त्यांनी पाहुण्यांसमोर येणे जवळजवळ सोडून दिले. मावशीचेही घराबाहेर पडणे थांबले. यंदा संक्रांतीनंतर शेजारच्या सूनबाई विचारायला आल्या, "मावशी, आमच्या बाळाचं बोरन्हाण तुमच्या अंगणात करू का? आमच्या घरी जागाच नाही." मावशी क्षणभर घुटमळली. आतून काकांनी सावकाश, तुटक शब्दांत उत्तर दिले, "करू दे. अंगण मोठं आहे."

बोरन्हाण म्हणजे लहानग्यांची आपल्याकडील खास दुपारची मेजवानी. मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कोणत्याही सोयीच्या दिवशी ती करतात. एक ते पाच वर्षांच्या बाळाला काळे कपडे आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवायचे, औक्षण करायचे आणि त्याच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, हरभरे, भुईमुगाच्या शेंगा, रेवड्या यांचा वर्षाव करायचा. भोवती जमलेल्या मुलांनी तो खाऊ लुटायचा. बाळाला ऋतुबदलाची बाधा होऊ नये, अशी त्यामागची भावना. त्या काळात रानात आणि मळ्यात जे पिकते तेच मुलांच्या ओंजळीत पडते, ही या रीतीची खरी गोडी आहे.

मात्र जी वस्तू मोठ्या मुलाला खाऊ, तीच वर्षा-दीड वर्षाच्या बाळाला संकट ठरू शकते. शेंगदाणा, बोराची बी, हरभरा, कडक रेवडी, हलव्याचा दाणा हे सारे लहान, कठीण आणि घसरणारे पदार्थ आहेत. लहान मुलांची श्वासनलिका अरुंद असते, दाढा पुरत्या आलेल्या नसतात आणि हसता-धावता खाण्याची सवय असते. मुलांच्या श्वासमार्गात अडकणाऱ्या पदार्थांत आपल्याकडे शेंगदाणा ठळकपणे आढळतो. म्हणून चार वर्षांखालील मुलांच्या हाती अख्खे दाणे व कठीण गोळ्या देऊ नयेत. मावशीने यावर साधा तोडगा काढला. बाळाच्या डोक्यावरून केवळ चुरमुरे आणि झेंडूच्या पाकळ्या ओतल्या. बोरे, शेंगा आणि करवे द्रोणांत भरून ठेवले व मोठ्या मुलांना बसवून हातात दिले. हलव्याचे दागिने छायाचित्र होताच बाळाच्या अंगावरून उतरवले.

ते द्रोण भरले काकांनी. शेंगा निवडणे, बोरे एकेक उचलून द्रोणात टाकणे, हे त्यांच्या व्यायामतज्ज्ञाने सांगितलेल्या बोटांच्या हालचालींहून फारसे निराळे नव्हते. घरी तोच व्यायाम करताना ते दहा मिनिटांत कंटाळत. त्या दिवशी पंचवीस द्रोण भरायचे होते आणि मुले यायची होती, म्हणून तासभर उजवा हात चालत राहिला. वाचकहो, आजारातून उठलेल्या माणसाला करमणुकीइतकीच कामाची गरज असते. ते काम खरे असावे आणि त्याची कोणीतरी वाट पाहत असावे.

सावधगिरी मात्र काकांच्या बाबतीतही हवी होती. पक्षाघातानंतर अनेकांची गिळण्याची क्रिया मंदावते. खाता-पिता वारंवार ठसका लागणे, घोट घेतल्यावर आवाज घोगरा व ओलसर होणे, घास गालात साचून राहणे ही लक्षणे दिसली तर डॉक्टरांना सांगावे. अशा व्यक्तीस ताठ बसवून, लहान घास, सावकाश आणि गप्पा थांबवून भरवावे. चुरमुरे, शेंगदाणे, उसाचा चोथा हे तिच्यासाठीही वर्ज्यच समजावेत. त्यामुळे बाळासाठी आणि काकांसाठी मावशीने एकच मऊ पदार्थ केला: गूळ न घालता शिजवलेली, पिकल्या केळ्याने गोड झालेली दाट नाचणीची खीर. आयुष्याच्या दोन टोकांना एकच वाटी चालली.

एवढी काळजी घेऊनही कोणाच्या घशात काही अडकलेच, तर काय करावे हे घरातील एकाला तरी ठाऊक असावे. मूल जोराने खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे. आवाज फुटत नसेल, श्वास घेता येत नसेल, तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा द्याव्यात. उपयोग न झाल्यास वर्षावरील मुलाच्या व प्रौढाच्या मागे उभे राहून बेंबीच्या वर मूठ धरून आत व वर असे पाच दाब द्यावेत. वर्षाखालील बाळाला पोटावर दाब देऊ नये, छातीच्या मध्यभागी पाच दाब द्यावेत. वस्तू निघेपर्यंत थापा व दाब आलटून पालटून देत राहावे. दिसत नसलेली वस्तू काढण्यासाठी घशात बोट घालू नये. त्याच वेळी दुसऱ्याने 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आता चहाविषयी. मोठ्यांसाठी चहा झाला की मुलेही बशी पुढे करतात आणि आजीचे मन विरघळते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा की पाच वर्षांखालील मुलांना चहा-कॉफी देऊ नये, आणि 5 ते 9 या वयात दिवसाला अर्ध्या कपाहून अधिक नको. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या माहितीनुसार चहाच्या एका कपात 30 ते 65 मिलिग्रॅम कॅफिन असते. शिवाय चहातील टॅनिन अन्नातील लोह शरीरास मिळू देत नाही, म्हणून जेवणाच्या आधी व नंतर तासभर चहा टाळावा. हा नियम रक्तक्षय असलेल्या वृद्धांनाही लागू आहे. मावशीने मुलांना वेलची घातलेले कोमट दूध दिले. मोठ्यांचा चहा स्वयंपाकघरातच ठेवला, कारण धावत्या मुलांमध्ये उकळत्या चहाचा ट्रे नेणे धोक्याचे. भाजलेच तर वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावे. बर्फ, हळद किंवा टूथपेस्ट लावू नये.

गुळाच्या प्रदेशात एक गोष्ट सांगणे जिवावर येते, पण सांगितली पाहिजे: गूळ हीदेखील साखरच आहे. जागतिक आरोग्य संघटना रोजच्या ऊर्जेपैकी दहा टक्क्यांहून कमी, आणि शक्य तर पाच टक्क्यांहून कमी वाटा अशा साखरेचा असावा असे सांगते. प्रौढांसाठी पाच टक्के म्हणजे सुमारे 25 ग्रॅम, सहा लहान चमचे. मधुमेही आजी-आजोबांनी मुलांच्या आग्रहाखातर तिळगुळाची वडी घ्यावी, पण एकच, आणि ती दिवसाच्या हिशेबात धरावी.

राहता राहिली जमीन. फरशीवर सांडलेले चुरमुरे आणि गडगडणारी बोरे वृद्धांच्या पायाखाली आली तर घसरण्याचे कारण होते, आणि या वयात मोडलेले हाड महिनोन् महिने अंथरुणास खिळवते. म्हणून अंगणात धुतलेली सतरंजी अंथरावी, वृद्धांना हात असलेल्या खुर्चीवर बसवावे आणि केर निघेपर्यंत त्यांनी उठू नये. मुलांनी आल्यावर आणि खाण्याआधी साबणाने हात धुवावेत. कार्यक्रम तासा-दीड तासात आटोपावा. गोंगाटाने थकणाऱ्या किंवा स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीसाठी आतील एक खोली शांत ठेवावी.

बोरन्हाण वर्षातून एकदाच येते, पण मुले रोज खेळायला येऊ शकतात. त्या दिवसानंतर शेजारची चार मुले दर शनिवारी चार वाजता मावशीकडे येऊ लागली. काका त्यांना पाढे विचारतात. बोलणे अजून अडखळते, परंतु मुलांना उत्तराची घाई नसते, त्यामुळे वाक्य पुरे होते. मुलांबरोबर येणाऱ्या सूनबाई काकांपाशी बसतात, आणि दीड वर्षात प्रथमच मावशीला आपला चहा गरम असताना प्यायला मिळतो. रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्याला आठवड्यातून असा एक निवांत तास लाभणे, हेही त्या घराच्या आरोग्याचेच लक्षण मानावे.